श्वासमार्गाचे दप्तर

छातीविकार विभागात मी निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले त्या काळी, म्हणजे गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकात, फुप्फुसाच्या रोगाचे निदान हे पुष्कळ अंशी अनुमानाचे शास्त्र होते. व्हिएन्नातील आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली बोटांनी छाती ठोकून आतील पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, लेनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून स्टेथोस्कोपचा पाया घातला आणि १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरण सापडले. या तीन साधनांवर आणि बेडक्याच्या काचपट्टीवर आमचे वरिष्ठ ज्या कौशल्याने निर्वाह करीत, ते पाहून आम्हां विद्यार्थ्यांना त्यांच्याविषयी भयमिश्रित आदर वाटे. आमचे विभागप्रमुख तर क्ष-किरण चित्र खिडकीच्या उजेडात धरीत आणि दोन क्षणांत ‘उजव्या वरच्या खंडाचे तोंड बंद आहे’ असा निकाल देऊन पुढच्या खाटेकडे वळत. तो निकाल बहुधा खरा ठरे. मात्र ते तोंड कशाने बंद झाले आहे, गाठीने, क्षयाच्या व्रणाने, की कधी काळी ठसक्यासरशी आत गेलेल्या सुपारीच्या खांडाने, हे सांगण्याची सोय त्या चित्रात नव्हती, आणि तेवढ्या शंकानिरसनासाठी छाती उघडणे म्हणजे रोग्याला त्याच्या रोगापेक्षा मोठ्या संकटात लोटणे होते.

ही अडचण दूर करणारे उपकरण आमच्या विभागात लाकडी कपाटात कुलूपबंद असे आणि त्याची किल्ली मुख्य परिचारिकांच्या ताब्यात, नोंदवहीत सही केल्यावाचून न मिळणारी. करंगळीहून बारीक अशी ती काळी लवचिक नळी. तिच्या पोटात काचेच्या हजारो सूक्ष्म तंतूंचा जुडगा. अशा जुडग्यातून वाकड्या वाटेनेही प्रतिमा वाहून नेता येते हे ज्या संशोधनाने दाखवून दिले, त्यात पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा होता. त्यांचा व हॉपकिन्स यांचा निबंध १९५४ साली लंडनच्या ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच तत्त्वाच्या आधारे टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शिगेतो इकेदा यांनी १९६६ च्या सुमारास श्वासमार्गात उतरणारी लवचिक दुर्बीण सिद्ध केली. आमच्या वाट्याला आलेली दुर्बीण बरीच वापरलेली होती. तिच्यातला एकेक तंतू तुटला की प्रतिमेत एकेक काळा ठिपका कायमचा येऊन बसे, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळे तो कोणते ठिपके रोग्याचे आणि कोणते दुर्बिणीचे, हे ओळखण्याचा. नेत्रकाचेला डोळा लावून एका वेळी एकानेच पाहायचे आणि बाकीच्यांनी भोवती उभे राहून त्याच्या तोंडून वर्णन ऐकायचे, अशी ती रीत असल्यामुळे वरिष्ठ जे सांगतील ते प्रमाण, आणि शंका घेणाऱ्याला नेत्रकाच मिळेपर्यंत रोगी खोकू लागे. पुढे दुर्बिणीच्या टोकाशीच इवलासा कॅमेरा बसला, भिंतीवर पडदा आला, आणि सिस्टर, तंत्रज्ञ, विद्यार्थी असे सगळेच एका वेळी तेच पाहू लागले. वरिष्ठांच्या अधिकाराला त्याने जरा धक्का बसला. आता मी स्वतः वरिष्ठ असले तरी तो बसला हे उत्तमच झाले, असे माझे मत आहे.

तथापि या विद्येचा आरंभ लवचिक नळीने झालेला नाही. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्टाफ किलियान यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वसनीत अडकलेला डुकराच्या हाडाचा तुकडा, घसा कोकेनने बधिर करून, धातूच्या सरळ पोकळ नळीतून बाहेर काढला. फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी हयातभर लहानथोरांच्या श्वासमार्गातून आणि अन्ननलिकेतून टाचण्या, बटणे, नाणी, हाडे असे नाना पदार्थ काढले, ते नोंदींसह जपून ठेवले, आणि दोन हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्याच शहरातील म्यूटर संग्रहालयात खणाखणांतून मांडलेला आहे. धातूची ती ताठ नळी अद्याप आमच्या शस्त्रक्रियागृहातून बरखास्त झालेली नाही, आणि होण्याचे चिन्हही दिसत नाही. कारण लवचिक दुर्बीण श्वासमार्गातली जागा अडवते, तर ताठ नळी स्वतःच श्वासमार्ग बनून रोग्याला प्राणवायू पुरवते, आणि रक्ताचा लोंढा आला तर तो ओढून घेण्याइतकी रुंद शोषकनळी तिच्यातूनच जाऊ शकते. तरुण सहकाऱ्यांना लवचिक दुर्बिणीचा लळा लवकर लागतो. ताठ नळीचा हात बसायला वेळ लागतो, मान किती मागे न्यावी, दातांवर भार न देता जिभेचे मूळ कसे उचलावे, हे पुस्तकावरून येत नाही, आणि म्हणून ती शिकण्याची टाळाटाळ होते. परंतु ज्या रात्री खरी वेळ येते त्या रात्री तीच कामी येते.

सामान्य तपासणी मात्र लवचिक दुर्बिणीनेच, रोगी जागा असताना किंवा थोडी गुंगी देऊन होते. घशात लिग्नोकेनचा कडू फवारा मारला की रोगी तोंड वाकडे करतो, मग घसा जड झाला म्हणून घाबरतो. त्याला आधीच सांगून ठेवावे लागते, की गिळता येत नाही असे वाटेल पण श्वास येत-जात राहील, नळी आत असताना बोलता येणार नाही, काही हवे असल्यास डावा हात वर करा, आणि घरी गेल्यावर दोन तास पाण्याचा घोटही घेऊ नका. सिस्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहतात. नळी नाकातून उतरते, स्वरतंतू उघडण्याची वाट पाहून त्यांच्यामधून आत सरकते, आणि मग समोर श्वासनलिका येते: पुढच्या बाजूला कूर्चेच्या पांढुरक्या कमानी, मागची भिंत मऊ, श्वासासरशी आत-बाहेर होणारी. तळाशी दोन वाटा फुटतात. उजवी वाट अधिक रुंद आणि अधिक सरळ असल्यामुळे चुकून आत गेलेला पदार्थ बहुधा उजवीकडे सापडतो. तेथून पुढे श्वासमार्ग सुमारे २३ वेळा विभागत वायुकोशांपर्यंत पोहोचतो. आमची दुर्बीण पहिल्या पाच-सहा विभागण्यांपलीकडे क्वचितच जाते.

एवढ्याच टापूत इतकी वर्षे वावरल्यावर माझी अशी खातरजमा झाली आहे की श्वासमार्ग हे घरादाराचे दप्तर आहे. घरात काय शिजते, कशावर शिजते, कोण कोणाच्या शेजारी निजून खोकतो, कोणाच्या कंबरेला तंबाखूची चंची असते, शेतात काय फवारले जाते, यांपैकी थोड्याच गोष्टी तेथे नोंदल्यावाचून राहतात. रोगी जबानीत सांगायला विसरतो किंवा संकोचतो ते तेथे दाखल असते. मात्र ती नोंद वाचायची तर वाचणाऱ्याला घर ठाऊक असावे लागते, नाही तर उपकरण कितीही महागाचे असो, त्यातून दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लागत नाही.

लहान मुलांचे पाहा. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळे पिकू लागली, भुईमुगाच्या शेंगा घरात आल्या, हरभऱ्याचा हुळा सुरू झाला, की त्या त्या हंगामाची बालके आमच्याकडे येऊ लागतात. तीन-चार वर्षांच्या आत मुलाला मागच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात. दाणा चावला जात नाही, आणि हसता-रडताना घेतलेल्या श्वासाबरोबर तो आत जातो. सीताफळाची बी गुळगुळीत असते, चिंचोका ओलाव्याने फुगतो, शेंगदाण्याच्या तेलाने श्वसनीच्या अस्तराला सूज येते. प्रत्येकाची खोड निराळी. दीड वर्षाचा एक मुलगा मला आठवतो. गावाकडे तीन आठवडे न्यूमोनिया म्हणून औषधे चालली होती, ताप जाई आणि पुन्हा येई, आणि क्ष-किरण चित्रात विशेष काही नव्हते, कारण शेंगदाणा क्ष-किरणांत दिसत नाही. दिसते ते एवढेच, की श्वास सोडल्यावरही एका बाजूचे फुप्फुस फुगलेलेच राहते. पण रडणाऱ्या मुलाचे चित्र नेमके श्वास सोडतानाच घेणे हे आमच्या क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यांच्या चिकाटीची कसोटी पाहणारे काम आहे. छातीला कान लावला तेव्हा उजवीकडे श्वास कमी ऐकू येत होता.

‘याला कधी अचानक ठसका लागला होता का?’ असे मी विचारले, तेव्हा आई गप्प राहिली आणि तिने सासूकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, ‘न्हाई, तसं काई झालं न्हाई.’ अशा वेळी वैद्यकशास्त्राचा उपयोग नसतो. केसपेपरवर शिक्का मारून आणण्याच्या निमित्ताने मी आजींना खिडकीकडे पाठवले, आणि त्या दाराबाहेर पडताच सून हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. यानं मूठ भरून तोंडात घातली. खोकला, निळा पडला. पाठीत थापटलं तवा बरा झाला. त्यांच्या म्होरं कसं सांगू?’ हा क्षणभर निळे पडण्याचा आणि नंतर बरे वाटण्याचा इतिहास हाच येथला खरा पुरावा असतो. दाणा तोंडातून बाहेर पडल्यामुळे मूल शांत होते असे नव्हे, तर तो आत जाऊन एका बाजूला स्थिर झाल्यामुळे ते शांत होते, आणि त्या शांततेला घर ‘बरे झाले’ असे समजते.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल देऊन ताठ नळीने तो दाणा काढला. या कामात भूलतज्ज्ञ आणि नळी धरणारा यांची एकाच अरुंद वाटेवर वहिवाट असते. एकाला श्वास द्यायचा असतो, दुसऱ्याला चिमटा घालायचा असतो, आणि दोघांच्या मसलतीवाचून पाऊल टाकता येत नाही. तीन आठवड्यांत दाण्याभोवती लालसर मांस वाढलेले, दाणा भिजून मऊ झालेला. चिमटा घट्ट दाबावा तर त्याची डाळ होते आणि तुकडे खोल जातात. सैल धरावा तर स्वरतंतूंशी येताना तो निसटतो आणि मुख्य श्वासनलिकाच बंद होते. तसे झाले तर घाबरून वर ओढण्याची धडपड न करता दाणा पुन्हा खाली, एका श्वसनीत लोटून द्यावा, म्हणजे दुसरे फुप्फुस तरी चालू राहते, ही जुन्या लोकांची शिकवण आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. आमच्या सुदैवाने दाणा अखंड निघाला. गॉझवर ठेवून तो आजींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि ‘एवढासाच?’ म्हणून विचारले.

चुलीची नोंद याहून संथपणे होते. साठी ओलांडलेल्या एक बाई, जन्मात विडीला न शिवलेल्या, मिस्रीची तेवढी सवय. वर्षभर खोकला, धाप, आणि सीटी स्कॅनमध्ये उजव्या मधल्या खंडाचे तोंड आकसलेले. कोणीतरी मुलाच्या कानात कर्करोगाचा शब्द घातलेला, त्यामुळे तो दोन रात्री झोपला नव्हता. दुर्बीण आत गेली तेव्हा पडद्यावर गुलाबी अस्तरावर, विशेषतः वाटा जेथे फुटतात तेथे, काजळीसारखे काळे डाग, आणि त्यांच्या आसपास अस्तर आत ओढले जाऊन तोंडे चिंचोळी झालेली. डागाचा तुकडा तपासणीस गेला. कर्करोग निघाला नाही. धुराची काजळी श्वसनीच्या अस्तरात मुरून तेथे व्रणवत आकुंचन होते, या अवस्थेचे सविस्तर वर्णन कोरियातील वैद्यांनी १९९८ साली केले, आणि पुढे आपल्याकडेही ती मुख्यतः चुलीपुढे आयुष्य काढलेल्या स्त्रियांत आढळते असे दिसून आले. तिच्यासोबत क्षय दडलेला असू शकतो, म्हणून फुप्फुसात सोडून परत ओढलेले सलाइन आम्ही सीबीनॅट तपासणीला पाठवतो. दोन तासांच्या आसपास क्षयजंतू आहेत की नाहीत आणि रिफॅम्पिसिनला ते दाद देतील की नाही, हे दोन्ही कळते. या बाईंच्या बाबतीत जंतू निघाले, आणि मुलाला आनंद झाला. ज्या देशात क्षयाच्या बातमीने माणसाला हायसे वाटते त्या देशात वैद्याचा व्यवसाय चमत्कारिकच म्हणायचा. घरात गॅस आहे का, या माझ्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, ‘हाये की. सणावाराला पेटवितो. पर भाकरी चुलीवरचीच लागती आमच्या मान्सास्नी.’ ज्या माणसांना चुलीवरची भाकरी लागते त्यांच्या श्वसन्या मात्र, विडीने काळवंडल्या नसतील तर, स्वच्छ सापडतात.

क्षय आपल्याकडे इतका घरोघर आहे की तो वैद्याच्या बुद्धीवरही कब्जा करतो. छातीच्या मध्यभागी, दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसल्या की पूर्वी बहुतेक ठिकाणी क्षयाची औषधे सुरू होत आणि सहा महिन्यांनी, गाठी तशाच आहेत असे पाहून, विचार सुरू होई. त्या गाठी क्षयाच्या असू शकतात, सारकॉइडोसिसच्या असू शकतात, लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या असू शकतात. आणि सारकॉइडोसिसमध्ये दिली जाणारी स्टेरॉइड औषधे क्षयात एकटी दिली तर आग भडकते, त्यामुळे येथे अंदाजाने चालणे दोन्हीकडून घातक. पुराव्याचा एक मार्ग होता; १९५९ साली स्वीडनच्या कार्लेन्स यांनी मानेच्या पायथ्याशी छेद घेऊन तेथून आत पाहण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली होती. तिला पूर्ण भूल लागे, शस्त्रचिकित्सक लागे, तारीख लागे, आणि तारखेपर्यंत रोगी क्षयाची औषधे खात राही.

या शतकाच्या पहिल्या दशकात दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र बसवलेले उपकरण आले आणि ही कोंडी बरीचशी फुटली. श्वासनलिकेच्या भिंतीला ते टोक टेकवले की भिंतीपलीकडची गाठ करड्या छायेच्या रूपाने पडद्यावर उमटते, शेजारच्या रक्तवाहिन्या रंगाने वेगळ्या दाखवता येतात, आणि नळीतून निघालेली बारीक सुई भिंत भेदून गाठीत शिरताना प्रत्यक्ष दिसते. सुई गाठीत आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर हात थरथरत नाही, एवढे सांगितले म्हणजे ज्यांनी पूर्वी न पाहता, केवळ शरीररचनेच्या पाठांतरावर भरवसा ठेवून सुई मारली आहे त्यांना पुष्कळ समजेल. आमच्याकडे पेशीतज्ज्ञ डॉक्टर त्याच खोलीत लहानशा टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून बसतात. काचपट्टीवर थेंब पडतो, रंग दिला जातो, आणि ‘अजून एकदा, नुसते रक्त आहे’ किंवा ‘पुरे, मिळाले’ असे त्यांनी म्हणेपर्यंत आम्ही थांबून राहतो. विभागातील सर्वांत अधिकाराचा आवाज त्या दिवशी त्यांचा असतो. रोग्याच्या घरच्यांना राजी करणे हे याहून कठीण. सुई लावली की गाठ चिघळते, तुकडा काढला की कर्करोग अंगभर पसरतो, ही समजूत शिकलेल्या घरांतही तितकीच पक्की आहे, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. काय करणार, किती वेळ लागणार, रक्त किती पडू शकते, क्वचित छातीत हवा शिरून नळी टाकावी लागू शकते, हे सगळे एकेक करून सांगावे आणि सही आज नको, उद्या करा, असे म्हणावे. दुसऱ्या दिवशी बहुतेक जण येतात.

माझ्या कामातील जे प्रकरण मला आजही सर्वांत अस्वस्थ करते ते कीटकनाशकाचे. कर्ज, घरातले भांडण, पावसाचा खेळ, कारण काहीही असो, तरुण शेतकरी फवारणीचे औषध पितो. सेंद्रिय फॉस्फरसच्या त्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी त्याला व्हेंटिलेटरवर ठेवतात, दहा-पंधरा दिवस झगडून वाचवतात, आणि सारे घर देवाला व डॉक्टरांना हात जोडून त्याला परत नेते. महिन्या-दीड महिन्याने तो धापा टाकीत येतो. मधल्या काळात कोणीतरी दमा म्हणून पंप दिलेला असतो. पण दम्याची शीळ मुख्यतः श्वास सोडताना येते, ह्याची श्वास घेताना येते, आणि ती छातीपेक्षा मानेशी मोठी ऐकू येते. श्वास देण्यासाठी घशातून घातलेल्या नळीला एक फुगा असतो. तो श्वासनलिकेच्या भिंतीवर दाबून बसतो. त्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवावा असा नियम आहे. त्याहून अधिक दाब दिवसेंदिवस राहिला तर भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, व्रण पडतो, आणि व्रण भरताना त्याचे कडे आवळत जाते. एकाच रुग्णालयातून असे रोग्यामागून रोगी आलेले पाहिल्यावर मी तेथे चौकशी केली, तेव्हा फुग्याचा दाब मोजण्याचे यंत्र कपाटात असून ते कोणी वापरीत नाही, बोटाने चाचपून ‘ठीक’ ठरवतात, असे कळले. त्या यंत्राची किंमत, आवळलेली श्वासनलिका रुंदावण्यासाठी आम्ही वापरतो त्या एका फुग्याच्या कॅथेटरइतकीही नसावी.

असा एक पंचविशीचा मुलगा रात्री आला तेव्हा बसूनच होता, आडवा होऊ शकत नव्हता. धडधाकट माणसाची श्वासनलिका पंधरा-वीस मिलिमीटर रुंद असते. ती आठावर आली की चालताना दम लागतो, पाचावर आली की बसल्या जागी शीळ वाजू लागते. ह्याचे तोंड पेन्सिलीच्या शिशाला जेमतेम वाट देईल एवढेच उरले होते. ताठ नळी कड्याच्या वरपर्यंत नेली, विद्युत्सुरीने कड्याला तीन ठिकाणी छेद दिले, कारण सरसकट सगळीकडून जाळले तर नवा व्रण अधिक आवळतो, आणि मग फुगा आत ठेवून हळूहळू फुगवला. कडे सुटल्यावर श्वासाचा आवाज एकदम बंद झाला, आणि भूलतज्ज्ञांनी आधी यंत्राकडे व मग माझ्याकडे पाहिले. रोगी व्यवस्थित श्वास घेत होता, आम्हालाच त्या शिळेची सवय झाली होती. पुढे दोनदा ते पुन्हा आवळले. तेव्हा मार्सेच्या द्यूमाँ यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीची सिलिकोनची नळी आत बसवली, आणि अंगात ताकद आल्यावर शस्त्रचिकित्सकांनी तो रोगट भाग कापून टोके जोडली. या सर्व खटाटोपात तो मुलगा माझ्याशी फार थोडे बोलला. विष का घेतले, हे मी विचारले नाही. मनोविकार विभागाला चिठ्ठी दिली आणि त्याच्या बापाला ती घेऊन स्वतः सोबत जायला सांगितले. बाप गेला.

छातीत पाणी झालेल्यांविषयी स्वतंत्र लिहायला हवे, येथे एवढेच नमूद करते की फुप्फुसाच्या आवरणाच्या आत लहानशा छिद्रातून पाहण्याची कल्पना स्टॉकहोमच्या याकोबेयस यांनी १९१० मध्ये मांडली, क्षयाच्या उपचारासाठी तिचा सर्रास उपयोग झाला, स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर ती अडगळीत पडली आणि आता कर्करोगाच्या पाण्याचे मूळ शोधण्यासाठी पुन्हा हजर झाली आहे. श्वसनीत झडपा बसवून फुगीर फुप्फुस आटोक्यात आणण्याचे, यंत्रमानवाच्या हाताने दुर्बीण खोल नेण्याचे प्रयोग मी परिषदांतून पाहिले आहेत. ते खोटे नाहीत. पण त्यांच्या किमती ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर दाब मोजण्याचे ते कपाटातले यंत्र येते.

मला विचाराल तर आमच्या विभागातील सर्वांत जोखमीचे काम दुर्बीण बाहेर आल्यानंतर सुरू होते, आणि ते आमच्या परिचर मामांच्या हाती आहे. दुर्बीण बाहेर येताच ते तिच्यात हवा भरून ती पाण्यात बुडवतात आणि कोठून बुडबुडा येतो का ते पाहतात. चिमट्याने आतले अस्तर फाटले असेल तर तेथून पाणी शिरून लाखोंचे उपकरण निकामी होते. मग लांब ब्रशने आतली वाट घासायची, पुन्हा घासायची, ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग जंतुनाशक द्रावणात पूर्ण मुदतीपर्यंत बुडवायची, स्वच्छ पाण्याने धुवायची, आणि उभी टांगून सुकवायची. बाहेर रोग्यांची रांग लागलेली असते, निवासी डॉक्टर घड्याळाकडे बघत येरझारा घालतात, आणि मामा एक मिनिट आधी नळी देत नाहीत. धसमुसळेपणाने धुतलेली दुर्बीण केवळ एकाचा रोग दुसऱ्याला देते असे नाही, ती खोटी साक्षही देते: आधीच्या रोग्याचे जंतू पुढच्याच्या नमुन्यात उतरतात, आणि ज्याला क्षय नाही त्याला कागदोपत्री क्षय होतो. अशा घटना वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. मामांनी ते वाङ्मय वाचलेले नाही. एका नव्या डॉक्टरने घाई केली तेव्हा ते म्हणाले, ‘साहेब, ही तुमच्या घशात घालायची असती तर किती वेळ धुतली असती?’ त्या डॉक्टरांनी पुढे कधी घाई केली नाही.

नव्या निवासी डॉक्टरांना पहिल्या महिन्यात मी दुर्बीण हाती देत नाही, त्याबद्दल त्यांची माझ्याविरुद्ध कायमची तक्रार असते, आणि ती अधिष्ठात्यांपर्यंतही जाऊन आली आहे. त्या महिन्यात त्यांनी केसपेपर लिहायचा: घरात माणसे किती, खोल्या किती, पूर्वी कोणाला क्षय झाला होता, धंदा कोणता, दगडाची खाण की कापसाची गिरणी, तंबाखू कोणत्या स्वरूपात, मूल असेल तर ते दिवसा कोणाजवळ असते, आणि ठसक्याचा प्रश्न आई एकटी असताना विचारला की नाही. दोन वर्षांपूर्वी या प्रश्नांचा छापील नमुना मंजूर करून घेतला. छापखान्याने जागा पुरत नाही म्हणून स्वयंपाकाच्या इंधनाचा रकाना गाळला, दुरुस्तीचा अर्ज अद्याप लेखा विभागात आहे, आणि तोपर्यंत तो रकाना समासात पेनाने आखावा असा तोंडी हुकूम मी दिलेला आहे.